फुकट नेटचा उंबरठा

सिल्वासातल्या किलवणी नाक्यावर मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात पंधराएक वर्षे गेली की गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याच्या तोंडून निघायच्या आधीच कळायला लागतो. डिस्प्ले बदलायला, बॅटरी टाकायला किंवा जुन्या फोनमधला डेटा नव्यात घ्यायला आलेला माणूस काम होईपर्यंत बाकड्यावर बसतो आणि कधी मराठीत, कधी गुजरातीत, कधी हिंदीत एकच गोष्ट विचारतो: स्टेशनवरचे, हॉटेलातले फुकट वायफाय लावले तर बँकेतले पैसे जातात का? विचारणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. काहींनी कुठेतरी ऐकलेले असते, त्यामुळे ते फुकट वायफायच्या नावानेही दचकतात. काही जण जिथे कुलपाची खूण नसलेले नाव दिसेल तिथे बोट लावतात आणि पुढे काय विचारले जाते ते वाचतही नाहीत. या धंद्याने मला शिकवले ते हे, की दोघांचेही लक्ष चुकीच्या जागी असते. हवेतून जाणारे तुमचे बोलणे कोणी मधल्यामध्ये उचलून नेईल, ही भीती एके काळी खरी होती. आज ती बरीच कमी झाली आहे. आजचे नुकसान जोडणी होताना, उंबरठ्यावरच होते. कोणत्या नावाला फोन जोडला, समोर आलेल्या पानावर काय भरले, कोणत्या इशाऱ्यावर डोळे झाकून पुढे गेलो, या तीन गोष्टींत सगळा निकाल लागतो. त्या तिन्ही आपल्या हातातल्या आहेत, म्हणून हे लिहावेसे वाटले.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, मग परक्या वायफायच्या वाटेला जायचेच कशाला? ज्याच्याकडे डेटा आणि रेंज दोन्ही आहे त्याने बँकेचे काम आपल्याच डेटावर करावे, यात दुमत नाही. पण हा सल्ला सगळ्यांना पुरत नाही. मसाट, पिपरिया, आमली, रखोली या भागांतल्या कंपन्यांमध्ये शिफ्ट करणारी माणसे एका खोलीत चार-चार, पाच-पाच राहतात. दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा संध्याकाळी गावाकडे व्हिडिओ कॉल करता करता संपतो. पत्र्याच्या शेडखाली रेंज तुटते, खानवेलच्या पुढे दुधनीकडे डोंगर आडवे येतात. भरतीचा अर्ज भरणाऱ्या पोराला लॅपटॉपवर पन्नास पानांची पीडीएफ चढवायची असते. अशा माणसाला नुसते ‘वापरू नका’ म्हणून सांगितले तर तो मान डोलावतो आणि वापरतोच. मनाईने त्याच्या हाती काही पडत नाही. कसे वापरायचे ते कळले तर काही पडते. म्हणून दुकानात बसून मनाई सांगणे मी सोडून दिले आणि उंबरठा दाखवायला लागलो.

जुनी भीती कुठून आली ते मात्र समजून घ्यायला हवे, नाहीतर ती उगाच वाटेल. 2010 च्या ऑक्टोबरात एरिक बटलर या अमेरिकी प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाचे एक छोटे जोडसाधन सगळ्यांसाठी खुले केले. कोणीही ते फायरफॉक्स ब्राउझरमध्ये टाकावे, पासवर्ड नसलेल्या वायफायवर बसावे, आणि शेजारच्या टेबलावर कोण फेसबुक वापरतो आहे ते नावानिशी पडद्यावर यावे. नावावर क्लिक केले की त्याचे खाते उघडे. याचे कारण साधे होते. लग्नाच्या जेवणात दारावर एकदा नाव सांगितले की कूपन मिळते. पुढे कूपन दाखवेल त्याला ताट वाढतात, नाव कोणी विचारत नाही. त्या काळी बऱ्याच वेबसाइट पासवर्ड घेताना तेवढे कुलूप लावत आणि नंतरचे कूपन उघड्या हवेतून पाठवत. शेजारच्याने ते उचलले की झाले. बटलर यांचा हेतू चोरी शिकवण्याचा नव्हता. कंपन्यांनी सगळाच व्यवहार कुलूपबंद करावा म्हणून त्यांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. आणि तसे घडत गेले. जीमेलने त्याच वर्षीच्या जानेवारीत सगळ्यांसाठी एचटीटीपीएस, म्हणजे सगळ्या व्यवहाराला कुलूप, सुरू केले होते, फेसबुकने 2013 मध्ये केले. 2015 च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट वाटायला सुरुवात केली, त्यामुळे छोट्या वेबसाइटचीही सबब संपली. व्हॉट्सॲपचे संदेश 2016 च्या एप्रिलपासून दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद झाले. 2018 च्या जुलैपासून क्रोमने साध्या एचटीटीपी पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारायला घेतला. मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेलटेलचे फुकट वायफाय सुरू झाले ते 2016 च्या जानेवारीत, म्हणजे हा बदल अर्ध्या वाटेवर असताना. लोकांच्या मनात मात्र फायरशीपच्या काळातलाच इशारा बसून राहिला.

आज वायफाय ज्याचे आहे त्याला तुमचे नेमके काय दिसते? तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, किती वेळ होतात, साधारण किती डेटा गेला, एवढे बहुतेक वेळा दिसते. त्या साइटवर काय वाचले, काय लिहिले, कोणता पासवर्ड टाकला, हे दिसत नाही. यूपीआयचे तर आणखी घट्ट आहे. ॲप सुरू करताना ते तुमच्याच सिमवरून मेसेज पाठवून फोन आणि नंबर यांची गाठ बांधते, आणि पिन फोनमध्येच कुलूपबंद होऊन बाहेर पडतो. चहाच्या टपरीवरच्या राउटरने तो वाचावा, अशी सोय नाही. वर्षानुवर्षे ग्राहकांना सार्वजनिक वायफायपासून सावध करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही आपला सल्ला बदलला आणि आता बहुतेक वेबसाइट कूटबद्ध असल्यामुळे असे वायफाय वापरणे सहसा सुरक्षित असते, असे सांगितले. मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो तरुण मुले घेतात: सगळे एचटीटीपीएस आहे, आता भीती कशाची? उत्तर असे, की कुलूप मजबूत झाले म्हणून चोराने धंदा सोडला नाही. तो कुलपाशी झटायचे सोडून चावी मागायला लागला.

चावी कशी मागतात ते फोनच्या पडद्यावरच पाहता येते. सेटिंगमध्ये वायफायची जपलेली यादी उघडावी. बहुतेकांच्या फोनमध्ये तिथे वीस-तीस नावे निघतात: कुठल्यातरी लॉजचे, दवाखान्याचे, बसचे, मॉलचे, दोन वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या हॉलचे. ज्या नावापुढे पासवर्ड नव्हता ते नाव पुन्हा कुठेही दिसले की ‘आपोआप जोडा’ चालू असलेला फोन न विचारता जोडला जातो. फोनला नाव ओळखता येते, जागा ओळखता येत नाही. स्टेशनवरच्या वायफायचे जे नाव आहे तेच नाव मी माझ्या दुकानातल्या राउटरला दोन मिनिटांत देऊ शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, नावाची नोंदणी कुठेच नसते. ज्याची जाहीर पाटी लागते त्या नावाची नक्कल करणे सर्वांत सोपे. ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये पोलिसांनी एकावर नेमका हाच गुन्हा दाखल केला. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना उड्डाणात संशयास्पद वायफाय दिसले, तिथून तपास सुरू झाला. पर्थ, मेलबर्न, ॲडलेडच्या विमानतळांवर आणि विमानांत खऱ्यासारखे दिसणारे वायफाय उघडून, जोडणाऱ्याला ईमेल किंवा समाजमाध्यमाचा पासवर्ड मागणारे खोटे पान दाखवले जात होते, असा आरोप होता. यात कोणाचे एचटीटीपीएस फोडावे लागले नाही. लोकांनी स्वतः भरून दिले.

आपल्याकडे वायफायला जोडताना समोर येणाऱ्या या पानाला आणखी एक पदर आहे, आणि त्याचा इतिहास महाराष्ट्रातला आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी माध्यमांना स्फोटांचा इशारा देणारा एक ईमेल आला. माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर, एका अमेरिकी गृहस्थाच्या घरी. त्याच्या घरचे वायफाय उघडे होते आणि ईमेल दुसऱ्याच कोणी त्यावरून पाठवला होता. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायचा तसाच वापर झाला. ऑक्टोबरात पुण्याच्या एका संगणक अभियंत्यासह काही जणांना अटक झाली. 2009 च्या जानेवारीत मुंबई पोलिसांची पथके उघडी वायफाय शोधत रस्तोरस्ती फिरली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने नियम केला: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवा, ओळखपत्राची प्रत घ्या किंवा मोबाइलवर संकेतांक पाठवा, आणि नोंद जपा. आज स्टेशनवर, कॅफेत, विमानतळावर नंबर टाकून ओटीपी भरावा लागतो तो या घटनाक्रमामुळे. नियमाचा हेतू योग्यच होता. सानपाड्यातल्या त्या माणसावर जी वेळ आली ती कोणावर येऊ नये. पण त्यातून एक सवय देशभर रुजली, की वायफाय हवे असेल तर समोर येईल त्या अनोळखी पानावर नंबर टाकायचा आणि आलेला आकडा भरायचा. बँका ‘ओटीपी कोणाला देऊ नका’ म्हणून कंठशोष करत असताना त्याच बोटांना ओटीपी देण्याचा सराव होत राहिला.

हा सराव कसा उलटू शकतो, ते दोन ओळींत सांगता येते. खोट्या वायफायच्या पानावर तुम्ही नंबर टाकता. तो नंबर घेऊन समोरचा त्याच क्षणी आपल्या फोनवर तुमचे व्हॉट्सॲप किंवा दुसरे एखादे खाते उघडायला जातो. तुमच्या फोनवर सहा आकडे येतात. ते खरेच असतात, खऱ्या कंपनीकडूनच आलेले असतात, आणि तुम्ही ते वायफायचे समजून पानावर भरता. म्हणून या सगळ्या विषयातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे झाले तर मी हे सांगेन: ओटीपीचा आकडा वाचण्याआधी मेसेज वाचा. तो कोणी पाठवला आणि कशासाठी पाठवला, हे मेसेजात लिहिलेले असते. पडद्याच्या वरून सूचना डोकावते तेव्हा फक्त आकडे दिसतात, कीबोर्डही ते आपोआप भरायला पुढे करतो. तिथेच थांबून मेसेज पूर्ण उघडायचा. वायफायसाठी आलेल्या मेसेजात वायफायचे किंवा ते देणाऱ्या कंपनीचे नाव हवे. व्हॉट्सॲप, बँक, गूगल, आधार यांपैकी कशाचेही नाव दिसले तर तो आकडा त्या पानाचा नाही. तसेच, वायफायला नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी यांपलीकडे सहसा काही लागत नाही. ईमेलचा पासवर्ड, कार्डाचा नंबर, आधार क्रमांक मागणारे, किंवा ‘नेट जलद चालण्यासाठी’ एखादे ॲप उतरवून घ्या म्हणणारे पान दिसले की जोडणी तोडायची आणि यादीतून ते नाव काढून टाकायचे. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या ‘हॅक झालेल्या’ फोनांचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. फोन वायफायमधून फुटलेला नसतो. कोणीतरी पाठवलेले एपीके, म्हणजे ॲपची फाइल, मालकाने स्वतः टाकलेले असते, मेसेज वाचायची परवानगी स्वतः दिलेली असते.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. ब्राउझर एखाद्या वेळी पूर्ण पडदा भरून सांगतो की ही जोडणी खाजगी नाही, प्रमाणपत्र जुळत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत पुढे जायची वाट असते. घाईतला माणूस ती वाट शोधून काढतो, कारण त्याला पान हवे असते. घरच्या नेटवर रोज उघडणारी बँकेची साइट हॉटेलच्या वायफायवर असा इशारा देत असेल, तर मध्ये कोणीतरी आपला चेहरा बँकेचा म्हणून दाखवतो आहे, अशी दाट शंका घ्यायला हवी. तिथे पुढे जाणे म्हणजे एचटीटीपीएसचे सगळे बळ आपल्याच बोटाने घालवणे. उलट बाजूचाही गैरसमज आहे. पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे साइट खरी, असे लोक धरून चालतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचे त्या साइटशी चाललेले बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही; साइट प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. फुकट प्रमाणपत्र ठगालाही मिळते. हा गैरसमज इतका पसरला, की 2023 मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचे ते कुलूपच काढले. म्हणून साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर पाहायचा, आणि बँकेसाठी ब्राउझरपेक्षा बँकेचे आधीपासून फोनमध्ये असलेले ॲप उघडायचे.

आणखी एक उपाय लोक मोठ्या विश्वासाने पुढे करतात: व्हीपीएन, म्हणजे फोनचे सगळे येणे-जाणे आपल्या सर्व्हरवरून नेणारे ॲप, टाकले की झाले. कंपनीचे काम करणाऱ्याला कंपनीने दिलेले व्हीपीएन वापरायलाच हवे, ते योग्य आहे. पण जाहिरात पाहून उतरवलेल्या फुकट व्हीपीएनने काय होते? वायफायवाल्याला जे दिसत होते ते आता त्याला दिसत नाही, ते व्हीपीएनवाल्याला दिसते. भरवसा संपत नाही, फक्त जागा बदलतो. चहावाला निदान रोज डोळ्यांसमोर असतो. फुकट व्हीपीएन कोण चालवते, त्याचा खर्च कशातून निघतो, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायला सांगितल्यावर काही नामांकित कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले, हेही लक्षात घ्यावे. आणि मुख्य म्हणजे खोट्या पानावर तुम्ही स्वतः भरलेला ओटीपी कोणतेही व्हीपीएन परत आणू शकत नाही. उंबरठ्यावर चुकलेल्याला आतली तटबंदी उपयोगी पडत नाही.

आतापर्यंतचे सगळे वापरणाऱ्याबद्दल झाले. पण माझ्या मते अर्धी जबाबदारी देणाऱ्याची आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. सानपाड्याच्या प्रकरणात ढिलाई ज्याचे वायफाय होते त्याच्या बाजूची होती. दार उघडे ठेवले गेले होते. नाक्यावरचे हॉटेल, क्लास, दवाखाना, भाड्याच्या खोल्यांचा मालक, असे अनेक जण आज वायफाय देतात. डब्बा बसवून जाणारा माणूस जो पासवर्ड ठेवून जातो तोच वर्षानुवर्षे राहतो, आणि राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड तर कारखान्यातून आला तसाच असतो. राउटरच्या आत कोणी शिरले तर काय होते ते ब्राझीलने 2011-12 च्या सुमारास पाहिले. तिथे सुमारे 45 लाख मोडेममध्ये घुसून ठगांनी साइटच्या नावावरून तिचा ठिकाणा सांगणारी आतली सोयच बदलली. लोक बँकेचा बरोबर पत्ता टाकत आणि पोहोचत मात्र नकली पानावर. ‘चहाच्या दुकानाने एवढी यातायात का करावी?’ असे विचारतात. यातायात फार नाही. राउटरच्या आतला पासवर्ड बदला. गिऱ्हाइकासाठी ‘गेस्ट’ची वेगळी जोडणी चालू करा, म्हणजे बिलाचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्यांच्यापासून वेगळा राहील. वायफायचे नेमके नाव भिंतीवर लिहून लावा, म्हणजे गिऱ्हाइकाला खऱ्याखोट्याची तुलना करता येईल. ज्याला नोंदींची जबाबदारी झेपत नाही त्याच्यासाठी 9 डिसेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात छोट्या दुकानदाराला परवाना लागत नाही, आणि ओळख पटवणे व हिशेब ठेवणे ही कामे त्याच्या वरची संस्था सांभाळते.

शेवटचा आक्षेप सर्वांत गरीब माणसाचा असतो, आणि तो मला सर्वांत जास्त लागतो: माझ्याकडे चोरण्यासारखे आहे काय? महिन्याच्या दहा तारखेला पगार येतो, पंधराला संपतो. पण ठगाला तुमची शिल्लकच हवी असते असे नाही. त्याला तुमचे नाव, तुमचा नंबर, तुमचे खाते हवे असते. दुसऱ्याचा लुटलेला पैसा त्यातून फिरवायला, तुमच्या व्हॉट्सॲपवरून तुमच्याच भावाकडे पैसे मागायला. चौकशीला पोलीस येतात ते तुमच्या दारी. म्हणून काही घडले तर लाजेने गप्प बसू नका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत सांगितले, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपल्या माथी येते. पण कळवल्यानंतर होणारे येत नाही. दोन्ही बाबतींत उशीर हाच खरा शत्रू.

ज्या कामात हात रोज दुसऱ्याच्या फोनमध्ये असतात ते काम एक गोष्ट शिकवून जाते: फोनमध्ये माणसाचे सगळे घर असते, आणि तो विश्वासाने ते काउंटरवर ठेवतो. त्या विश्वासाची परतफेड नुसते ‘सावध राहा’ म्हणून होत नाही. म्हणून दुरुस्त झालेला फोन परत देताना आणखी पाच मिनिटे घ्यावीत, असे मला वाटते. गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्याच बोटाने, जपलेल्या वायफायची यादी उघडायला लावावी. ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढायला लावावे. ‘आपोआप जोडा’ बंद करायला लावावे. आणि शेवटचा आलेला एक ओटीपीचा मेसेज पूर्ण मोठ्याने वाचायला सांगावा, कोणी पाठवला, कशासाठी पाठवला. एकदा मोठ्याने वाचलेला मेसेज माणूस पुढच्या वेळी मनात तरी वाचतोच. मग तो वापी स्टेशनवर उभा असो नाहीतर खोलीत चौघांच्या गर्दीत, पाटीवर फुकट लिहिलेले असले तरी आत जाण्याआधी क्षणभर थांबेल.